व्ह्यू नाहीत की विक्री नाही? आधी ते सांगा

मी कोल्हापुरात बसून मोठ्या शॉपिंग साइटवरची (यांना मार्केटप्लेस म्हणतात) दुसऱ्यांच्या मालाची ऑनलाइन दुकानं सांभाळते. फोटो काढायचे, लिस्टिंग म्हणजे साइटवरचं त्या मालाचं पान भरायचं, ऑर्डरीची लेबलं काढून द्यायची, रिटर्न आलं की भरपाईचा क्लेम टाकायचा आणि सेटलमेंट (विक्रीचे पैसे) आली की कुठले पैसे का कापले ते समजावून सांगायचं, असं माझं काम. गिऱ्हाइकं बहुतेक चपलांची. सुभाषनगरातले कारागीर, चप्पल लाइनीतली काही दुकानं, एक-दोघं निपाणीकडचे. शिवाय एक गुळाचे व्यापारी आणि साज-ठुशी विकणाऱ्या एक काकू. धंदे वेगळे, पण फोनवरचं पहिलं वाक्य सगळ्यांचं एकच: "मॅडम, कंपनीनं आपलं लिस्टिंग दाबलंय बघा."

मी विचारते, व्ह्यू किती आहेत? पलीकडे शांतता. ते कुणी बघितलेलंच नसतं. ऑर्डर आली नाही एवढंच माहीत असतं.

खरं तर इथंच अर्धं काम असतं. माल कुणाला दिसलाच नाही हे एक दुखणं, आणि शंभर जणांनी बघून सोडून दिला हे दुसरं. दोन्हींचं औषध वेगळं. पहिल्या दुखण्यावर लोक भाव कमी करतात आणि दुसऱ्यावर जाहिरातीला पैसे घालतात, म्हणजे नेमकं उलटं. सेलर पॅनलमध्ये, म्हणजे विक्रेत्याच्या खात्यात, हे आकडे शेजारी शेजारी असतात: किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं, किती ऑर्डरी आल्या. पण पॅनल उघडलं की सगळे आधी 'पेमेंट'वर जातात. माणसाचा स्वभाव आहे, काय बोलणार.

सुभाषनगरातल्या एका मामांचं उदाहरण सांगते. हात सोन्याचा. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं, वेणी स्वतः घालणार, शिवण चामड्याच्या वादीचीच. त्यांच्या भाच्यानं मोबाइलवर लिस्टिंग केलं होतं. मथळ्यात आधी दुकानाचं नाव, मग 'अस्सल हातबांधणी', मग 'कापशी', मग नंबर. वाचायला झकास. पण इंदूरचा किंवा लखनौचा माणूस सर्चच्या चौकटीत काय टाकतो? 'पुरुषांसाठी कोल्हापुरी चप्पल, लेदर, ब्राऊन.' इंग्रजीत, आणि बऱ्याचदा मधला एच गाळून, 'कोलापुरी'. मामांच्या मथळ्यात 'कोल्हापुरी' हा शब्दच नव्हता! कोल्हापुरात बसून कोल्हापुरी कशाला म्हणायचं, असा त्यांचा सवाल. कापशी, पुकरी, बक्कलनाळी, कचकडी ही नावं आपल्याला पाठ. तिकडं ती कुणी टाइप करत नाही.

मथळा सुधारला तरी व्ह्यू जेमतेमच हलले. मग फॉर्म उघडला. लिस्टिंगच्या फॉर्ममध्ये लाल चांदणीवाले रकाने सक्तीचे, बाकीचे मर्जीचे. भाच्यानं फक्त चांदणीवाले भरले होते. वरचं मटेरियल, तळाचं मटेरियल, बंद कसा, प्रसंग कुठला, रंगाचं कुटुंब, सगळं कोरं. आता गिऱ्हाइक काय करतं? सर्च मारतं, हजारो चपला समोर येतात, मग डावीकडं 'लेदर'वर टिचकी मारतं. ज्याच्या रकान्यात लेदर लिहिलेलं नाही तो त्या क्षणी यादीतून गायब. चप्पल नखशिखांत चामड्याची असली तरी. ती मशीन कातड्याचा वास घेत नाही, रकाना वाचते. रकाने भरल्यावर पंधरवड्यात मामांचे व्ह्यू वाढले. ऑर्डरी नाही वाढल्या, ती गोष्ट पुढं येते.

कॅटेगरीचंही असंच. साजवाल्या काकूंची ठुशी 'चेन' या कॅटेगरीत पडली होती. ठुशी शोधणारी बाई तिथं कशाला जाईल?

निपाणीवाल्या दादांची अडचण मात्र त्यांच्या हातातली नव्हती. त्यांच्याकडं जीएसटी नंबर नाही. पूर्वी ऑनलाइन विकायचं तर उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी घ्यावाच लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्यांना सूट मिळाली, नुसत्या एनरोलमेंट नंबरवर विकता येतं. पण अट अशी की माल आपल्या राज्यातच विकायचा. दादांचं गाव कर्नाटकात. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, पण इथल्या गिऱ्हाइकाला त्यांची चप्पल दिसतच नाही. बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, बस्स. गंमत बघा, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो आठ जिल्ह्यांना मिळून: आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. जीआयला सीमा आडवी आली नाही, नोंदणीला आली. दादा महिनाभर म्हणत होते, माझं लिस्टिंग दाबलंय. कुणी दाबलं नव्हतं, नियमानंच देशाचा नकाशा एका राज्याएवढा केला होता. जीएसटी घेतला की दर महिन्याचं किंवा तिमाहीचं कराचं रिटर्न, सीएची फी. आपल्या उलाढालीला ते परवडतं का, हे ज्याचं त्यानं बघावं. मी दोन्ही बाजू मांडते आणि गप्प बसते.

सगळं नीट भरलं, जीएसटी आहे, तरी नवं लिस्टिंग मागंच का राहतं? कारण या मार्केटप्लेस जे खपतं तेच पुढं करतात. ज्याचा माल काल खपला, ज्याला चांगले स्टार आहेत, ज्याचा माल परत येत नाही, जो वेळेवर डिस्पॅच करतो, तो वर. नव्याकडं यातलं काहीच नसतं. दिसत नाही म्हणून खपत नाही, खपत नाही म्हणून दिसत नाही. यात अन्याय आहे का? आहे की. पहिल्या पानावर दोनशे-तीनशे रुपयांची रेक्झिनची 'कोल्हापुरी' हजारो रिव्ह्यू घेऊन बसलेली असते, आणि बाराशेची खरी आठव्या पानावर. पण निदान कशावरून वर-खाली करतात त्याचे मुख्य निकष उघड सांगणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी प्रत्येक मार्केटप्लेसला बंधनकारक केलंय. मदतीच्या पानांत कुठंतरी खाली ते लिहिलेलं असतं. दाबलंय म्हणणाऱ्यांपैकी ते वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय.

आता मामांकडं परत येऊ. लोक येऊन बघत होते आणि जात होते. हे दुसरं दुखणं, आणि माझ्या मते जास्त शिकवणारं.

पहिला घोळ फोटोचा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मुख्य फोटो लागतो म्हणून भाच्यानं रंगवलेल्या भिंतीला टेकवून ट्यूबलाइटखाली काढलेला. कमावलेल्या कातड्याचा मूळ रंग फिका, मधासारखा, आणि तेल-ऊन लागेल तसा गडद होत जातो. ट्यूबलाइटमध्ये तो हिरवट दिसत होता, आजारी माणसासारखा. आम्ही सकाळी दहाच्या आधी, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, थर्माकोलच्या दोन शीट लावून फोटो काढतो. एक समोरून, एक तळाचा, एक वेणीचा अगदी जवळून, एक पायात घातलेला. पायात घातलेला फोटो सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच कुणाकडं नसतो. मामांच्या मुलाचा पाय वापरला, आधी नखं कापायला लावून.

दुसरा घोळ, नंबर. हा विषय निघाला की मी तासभर बोलू शकते. कारागीर चप्पल मुद्दाम जराशी घट्ट देतो, कारण कातडं वापरून सैल होतं. चपलेचा अंगठा पहिले चार दिवस चावतो, मग पायाचा होऊन जातो. दुकानात आलेल्या माणसाला मामा हे सांगतात, तेलाचा बोटभर हात फिरवून देतात आणि गिऱ्हाइक खुशीनं जातं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बॉक्स उघडणाऱ्याला हे सांगणारं कुणी नाही. तो पाय घालतो, चावते, 'साइज लहान' म्हणून परत. शिवाय एका कारागिराचा आठ आणि दुसऱ्याचा आठ एकसारखा निघेल याची खात्री नाही, कारण ज्याचा त्याचा फर्मा (पायाचा साचा) वेगळा. म्हणून आता प्रत्येक लिस्टिंगमध्ये एक फोटो नुसता मापाचा असतो: कागदावर पाऊल ठेवा, टाचेपासून लांबातल्या बोटापर्यंत सेंटिमीटर मोजा, या तक्त्यात बघा. आणि तक्ता त्या त्या कारागिराच्या तळाला पट्टी लावून केलेला, नेटवरून उचललेला नाही. खाली एक ओळ: सुरुवातीला घट्ट वाटेल, आठवड्यात सैल होईल. हे लिहिल्यावर काही लोक घेतच नाहीत. न घेतलेलं परवडतं. परत आलेलं परवडत नाही.

परत आलेल्या जोडाचं काय होतं ते सांगते, कारण व्ह्यू पुढं घसरतात ते इथून. जाण्यायेण्याचा खर्च बऱ्याच वेळा विक्रेत्याच्या माथी. जोड येतो तेव्हा कधी एखाद्या लग्नाला जाऊन आलेला असतो, तळाला मांडवातला गुलाल. क्लेम टाकायला पार्सल उघडतानाचा व्हिडिओ लागतो. लेबल दिसलं पाहिजे, मध्ये कट नको. आमच्या एका दुकानदाराचा असा क्लेम एका मोठ्या मार्केटप्लेसनं 'पुरावा अपुरा' म्हणून उडवला, व्हिडिओत गुलाल लख्ख दिसत असताना. भांडलो, काही झालं नाही. आणि याउपर, रिटर्नचं प्रमाण वाढलं की तेच लिस्टिंग हळूहळू खाली सरकतं. विक्री बरी चालली होती आणि अचानक व्ह्यू का गेले, असं कुणी विचारलं की मी आधी मागच्या महिन्याची रिटर्नची शीट मागते. नाहीतर स्टॉक बघते. आठ आणि नऊ नंबर संपले, सहा आणि अकरा उरले, अशी लिस्टिंगं मरतातच. गिऱ्हाइक येतं, आपला नंबर बघतं, राखाडी दिसतो, निघून जातं.

तिसरं, तारीख. गुवाहाटीच्या माणसाला तुमचा जोड नऊ दिवसांनी मिळणार असं दिसतं आणि त्याच्या शेजारच्या गोदामातला रेक्झिनचा परवा. भिवंडीच्या गोदामात माल ठेवून हे थोडं सुधारता येतं, पण जीएसटीत ती जादा जागा नोंदवा, साठवणुकीचं भाडं द्या, न खपलेला माल परत मागवायचे पैसे द्या. महिन्याला वीस जोड बांधणाऱ्या मामांना हे कुठलं जमायला? गुळाचे शेठ करतात, त्यांना परवडतं.

मग भाव. ऑनलाइन भाव चढा का, तर कमिशन, ठरावीक फी, शिपिंग, या सगळ्या सेवांवर १८ टक्के जीएसटी, शिवाय अर्धा टक्का टीसीएस आणि ०.१ टक्का टीडीएस (हे दोन आगाऊ कापलेले कर, नंतर वळते होतात, पण हातातला पैसा अडकतोच). शिपिंगमध्ये मात्र बऱ्याच जणांचं नुकसान खोक्यामुळं होतं. कुरियरवाले खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारानं भागायचं. बाजारात मिळतं ते बुटाचं खोकं, ३४ बाय २४ बाय १३. हिशेब येतो दोन किलोच्या वर. आतला जोड किलोचासुद्धा नसतो! कोल्हापुरी चपटी असते, तळाला तळ लावून ३० बाय २० बाय १० मध्ये आरामात बसते, आणि आकाराचं वजन येतं १.२ किलो. एका खोक्यापायी जोडाचा भाव पन्नास-साठ रुपयांनी इकडं-तिकडं होऊ शकतो. तेवढ्यावरून जोड 'हजारच्या आत' या फिल्टरमध्ये बसतो किंवा बाहेर पडतो. म्हणजे खोक्यानं व्ह्यूसुद्धा जातात. हे मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं की ते माझ्याकडं संशयानं बघतात.

काही वेळा विक्रेत्याचं काहीच चुकलेलं नसतं, दिवसच तसे असतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं आपल्यासारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, त्यावरून केवढा गदारोळ झाला आठवतंय ना. त्या आठवड्यात आमच्या सगळ्यांचे व्ह्यू उड्या मारत होते. मामा खूश. ऑर्डरी? जवळपास होत्या तेवढ्याच. लोक बघायला आले होते, घ्यायला नाही. त्यात पाऊस सुरू झालेला, पावसात चामड्याची चप्पल कोण घेणार. व्ह्यू वाढले आणि बघणाऱ्यांतल्या घेणाऱ्यांचं प्रमाण पडलं, एवढंच त्या महिन्याच्या शीटमध्ये दिसतं.

त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरचं वेगळं. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार म्हणून सांगितलं गेलं. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलनं ठरवलं, २२ सप्टेंबरपासून लागू. अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर पाच टक्के. आधी हजारावरच्या जोडाला अठरा होते. बाराशेचा जोड करासकट १,४१६ ला पडायचा, तो १,२६० ला पडणार. हे कळल्यावर कोण आधी घेईल? त्यात मधला पंधरवडा पितृपक्षाचा, आपली माणसं नवं पायताण घेत नाहीतच. आणि २२ सप्टेंबरला घटस्थापना, २३ ला ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोन्ही मोठ्या कंपन्यांचे सेल. लोकांनी विशलिस्टात टाकून ठेवलं आणि वाट बघत बसले. त्या पंधरवड्यात मला आलेले फोन! एका दुकानदारानं घाबरून दोनशे रुपयांनी भाव पाडला. मी म्हटलं, काका, थांबा की जरा, हे सगळे येणार आहेत. ते थांबले नाहीत. सेलमध्ये आणखी सूट द्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्या हाती द्यायला काही उरलं नव्हतं.

जाहिरातीबद्दल सगळे विचारतात. क्लिकमागं पैसे कापतात. समजा एका क्लिकला सहा रुपये आणि शंभरात एक जण घेतो, तर एका जोडामागं सहाशे रुपये जाहिरातीत गेले. बाराशेच्या जोडात सहाशे! शंभरात पाच घेत असतील तर एकशेवीस. तेवढं सोसतं. म्हणून फोटो, माप, तारीख सुधारल्याशिवाय मी जाहिरात लावू देत नाही. यावरून माझी दोन गिऱ्हाइकं सोडून गेली. त्यांना लगेच काहीतरी घडायला हवं होतं.

दुसरा हमखास प्रश्न, भावकीतल्या लोकांना रिव्ह्यू टाकायला सांगू का? नको. एका गल्लीतल्या पत्त्यांवरून आठवड्यात दहा पंचतारांकित रिव्ह्यू आले की ते ओळखायला फार अक्कल लागत नाही, काढून टाकतात आणि खात्यावर नजर बसते ती वेगळी. त्यापेक्षा बॉक्समध्ये एक चिठ्ठी घाला: तेल कसं लावायचं, भिजली तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवा, वास आठवड्यात जाईल. 'वास येतो' म्हणून एक स्टार देणारे खूप आहेत. चिठ्ठी घालायला लागल्यापासून ते कमी झालेत. स्टार मागायचे नाहीत त्या चिठ्ठीत, तेही चालत नाही.

मामांचं आता बरं चाललंय. बरं म्हणजे काय, तर बांधतात तेवढे जोड जातात, आणि ऑनलाइनचा वाटा साधारण तिसरा हिस्सा. त्याहून जास्त त्यांना नकोच आहे. हात दोनच आहेत म्हणतात. मधे एका एजंटानं त्यांना रोजच्या पन्नास ऑर्डरी आणून देतो म्हणून सांगितलं, तर यांनी त्यालाच विचारलं, बांधायला कोण येणार, तू?

सध्या आमचा वाद पावसाळ्यावरून चालू आहे. जून ते सप्टेंबर ऑर्डरी गळतात, कातडं नीट वाळत नाही, डिस्पॅच लांबतं. मामा म्हणतात दुकान चार महिने 'सुट्टी'वर टाका. मी म्हणते पुरतं बंद केलं की दिवाळीत पुन्हा आठव्या पानावरून सुरुवात. आठ आणि नऊ नंबरचे पंधरा-वीस जोड मेमध्येच बांधून ठेवा, तेवढेच चालू ठेवू, डिस्पॅचची मुदत वाढवून घेऊ. त्यांनी आठचे बांधायला घेतलेत. नऊचं बघू म्हणालेत.